माडग्यातली कलेजी

खाटकाच्या घरात फरशीवर रक्त दिसलं तर कुणी दचकत नाही. मीही दचकले नाही. आमचं दुकान पुढं, घर मागं. चपलेला लागून आत आलं असेल म्हणून मी फडकं घेतलं आणि पुसायला बसले. उंबऱ्यापासून पुसत पुसत पाण्याच्या पिंपापर्यंत गेले, मागं वळून बघते तर पुसलेल्या फरशीवर पुन्हा ठिपके. ओळीनं, एक पाऊल सोडून एक.

आबा, माझा बाप, घरात येरझाऱ्या घालत होता.

“आबा, बस खाली.”

“का गं?”

“पाय बघू तुझा.”

“कुठला?”

कुठला ते त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला खाटेवर बसवलं आणि डावा पाय मांडीवर घेतला. टाचेच्या जरा पुढं बाभळीचा काटा मोडलेला होता. बोटाच्या पेराएवढा. भोवतालचं कातडं पांढरं पडून फुगलं होतं.

“कधी मोडला हा?”

“काय मोडलं?”

“काटा, आबा! काटा!”

“सकाळी माळाकडं गेलतो. तवाच मोडला असंल.”

दुपारचे बारा वाजले होते. सकाळपासून हा माणूस तो काटा घेऊन घरभर हिंडत होता, देवाला फुलं वाहून आला होता, शेजारच्या म्हातारीला दळण आणून दिलं होतं. मी चिमट्यानं काटा ओढला. आबा वाकून बघत होता, दुसऱ्याच कुणाचा तरी पाय असल्यासारखा.

“निघाला का?” त्यानं विचारलं.

काटा माझ्या हातात होता. तेव्हा मात्र मी घाबरले.

याला आता अकरा वर्षं झाली. माझा बाप केरबा गालिंदे. विट्याच्या खाटीक गल्लीत त्यानं चाळीस वर्षं मटण विकलं. माझी आई लवकर गेली. मला जतला दिली होती, पण नवऱ्याच्या दारूला आणि मारहाणीला कंटाळून मी तीन वर्षांत परत आले. आबानं एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात सत्तूर दिला आणि म्हणाला, “खिमा कर.” तेव्हापासून मी दुकानात. माझं तोंड तेव्हाही फाटकं होतं, आजही आहे. वाटा कमी भरला म्हणून कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तोंडावर शिवी घालते आणि तरी ते पुढच्या रविवारी येतं, कारण माझं वजन चोख असतं.

आबाचं नाव होतं ते त्याच्या बोटांसाठी. आमच्यात गाभण शेळी कापत नाहीत. बाकी लोक आम्हाला काय समजायचं ते समजोत, पण खाटकाला पाप काय ते खाटीकच जाणतो. भाकड म्हणून विकायला आणलेली शेळी असली की सकाळी, तिनं काही खायच्या आधी, आबा तिच्या उजव्या कुशीखाली चार बोटं लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, “हाय” नाहीतर “न्हाय.” दीड महिन्याचं असलं तरी त्याला कळायचं. तालुक्यातले धनगर पैज लावायला शेळ्या घेऊन यायचे. चाळीस वर्षांत त्याचं बोट एकदाही चुकलं नव्हतं.

मग, काटा मोडायच्या आदल्या वर्षी, आखाडातला शेवटचा रविवार आला. पुढं श्रावण, म्हणून सकाळी सहापासून दारात ही गर्दी. दहाच्या सुमारास माल संपला, लोक हटेनात. मागं एक भाकड शेळी बांधलेली होती. आबानं हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, “न्हाय. रिकामी हाय.”

रिकामी नव्हती. आत दोन होती. वीतभरसुद्धा नाहीत, पण कान, खूर, सगळं झालेलं.

आबानं गिऱ्हाइकांना हात जोडले, दुकानाची फळी लावली. ती दोन्ही धुतली, धडप्यात गुंडाळली आणि माळावर नेऊन पुरली. परत आल्यावर सुरा धुऊन माझ्यापुढं ठेवला.

“आता तू बघ. माझं झालं.”

मला वाटलं, आठ दिवसांत येईल ताळ्यावर. तो आला नाही. आधी मटण सोडलं, मग अंडी. महिन्याभरानं चहा कोरा मागायला लागला. म्हटलं, दुधानं काय घोडं मारलंय? म्हणाला, “दूध पिलांचं असतंय, वैजे.” दही नाही, ताक नाही, तूप नाही. कातड्याची चप्पलसुद्धा सोडली आणि रबरी स्लीपर घेतली. ती त्याच्या पायातून सुटून मागं राहायची आणि हा एका पायानं अनवाणी पुढं चालत राहायचा. लोक हसायचे. मी ती स्लीपर उचलून त्याच्यामागं पळायचे आणि शिव्या घालायचे. पायातली चप्पल निघाली हे माणसाला कळत कसं नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, म्हातारपण.

हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. रात्री पायात मुंग्या यायच्या. अंधारात मोरीकडं जाताना भिंत धरायचा. जीभ लाल, गुळगुळीत झाली होती. मी डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर.

“हे दुखणं न्हवं. हे माझं मी भोगतोय. भोगू दे.”

गल्लीतही तेच बोलत होते. शेळीचा तळतळाट लागला. कुणी म्हणालं, खुरांच्या जिवाला मारलं, आता याच्या पायांची खुरं झाली. जे म्हणत होते ते रविवारी माझ्याकडूनच अर्धा किलो घेऊन जात होते.

आणि सगळ्यांवर कळस म्हणजे त्या हिवाळ्यात आबाचा सत्कार झाला. गावात एक शाकाहार मंडळ होतं. चाळीस वर्षं ज्यांनी आमच्या गल्लीतून जाताना नाकाला रुमाल लावला त्यांनी माझ्या बापाला स्टेजवर बसवून शाल घातली. एकजण माइकवर म्हणाला, “वाल्याचा वाल्मीकी झाला.” मी मागं उभी होते. माझ्या बापानं आयुष्यात कुणाची लूट केली नव्हती. धंदा केला होता, प्रामाणिक. आमच्यातला माणूस यांना दिसायला आमच्या हातातला सुरा खाली पडावा लागतो. मी स्टेजवर चढणारच होते. पण आबानं तिथून माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. पायांना कळत नव्हतं त्याच्या, पण मुलीचं बरोबर कळायचं.

त्या कार्यक्रमात एकच माणूस धड बोलला. ओजस नावाचा, पुण्याचा इंजिनियर, दाढीवाला. तो स्वतः दूधसुद्धा घेत नव्हता. कार्यक्रम झाल्यावर घरी आला.

“काका, तुम्ही व्हीगन आहात,” तो कौतुकानं म्हणाला.

“न्हाय बाबा,” आबा म्हणाला. “आम्ही हिंदू खाटीक.”

पोरगं खळखळून हसलं, मग त्यानं समजावून सांगितलं. आबा काय काय खातो ते विचारलं. बाजरीची भाकरी, हुलगे, मूग, शेंगदाणे, कारळ्याची चटणी, शेवग्याचा पाला. ओजस खूश झाला. “उत्तम आहे सगळं. लोह, कॅल्शियम, प्रथिनं, सगळं मिळतंय. फक्त बी-ट्वेल्व म्हणून एक जीवनसत्त्व आहे, ते झाडपाल्यात नसतं. त्याची गोळी घ्यावीच लागते. मी घेतो.”

“जे जेवण जेवून वर गोळी घ्यावी लागते ते जेवण कसलं?” मी म्हटलं.

“ताई, मिठात आयोडीन घालतात, तेही वरूनच की.”

त्यावर मी शिवी दिली. त्यानं ती हसत घेतली आणि गोळ्यांची बाटली ठेवून गेला. आबानं ती आईच्या फोटोखाली फळीवर ठेवली. एकही गोळी घेतली नाही. दुखणं असतं तर घेतली असती म्हणाला.

त्या पोराचा एक शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिला. मी औषधाच्या दुकानात विचारलं, हे बी-ट्वेल्व कशात असतं? दुकानदार म्हणाला, “तुलाच विचारायला पाहिजे. सगळ्यांत जास्त कलेजीत.”

झालं. मग मी ते केलं.

जून महिन्यापासून रोज सकाळी दुकानातली पाव किलो कलेजी बाजूला काढायचे. उकडायची, तव्यावर कोरडी होईस्तोवर परतायची, पाट्यावर पिठासारखी वाटायची. आणि रात्री हुलग्याच्या माडग्यात कालवायची. हुलग्याचं माडगं मुळातच काळपट, दाट, आणि त्याला स्वतःचा असा वास असतो की त्यात काहीही लपावं. वर लसूण दुप्पट, जिरं दुप्पट, मिरची डोळ्यांत पाणी येईल इतकी. आबाला वाटी द्यायचे आणि तो शेवटचा घोट घेईस्तोवर समोर बसून राहायचे. तोंड मिटून. बोलायला लागले तर निसटून जाईल अशी भीती.

बापाचं व्रत मी रोज रात्री मोडत होते. लाज वाटत नव्हती. माझा बाप मरत होता आणि त्याला वाचवणारी गोष्ट माझ्या दुकानात आकड्याला टांगलेली होती. लाज कसली?

पण फरक पडत नव्हता. जुलै गेला, ऑगस्ट गेला. उलट पायांतल्या मुंग्या वाढल्या. आणि मग सप्टेंबरात तो काटा.

काटा काढून मी हळद भरली, पाय बांधला आणि म्हटलं, “उद्या मिरजेला जायचं.”

“न्हाय.”

“पायात पू होणार. सडला तर तोडावा लागंल.”

“लागू दे.”

“लागू दे म्हणतोस, तोडणार कोण? गल्लीत सुरा धरणारी मीच हाय. आन तुझं हाड जुनं, दोन घावात तुटायचं न्हाय.”

आबाच्या पोटातून हसू वर आलं. किती महिन्यांनी हसला. खोकला लागेपर्यंत हसला.

“चल बाई,” म्हणाला. “तुझ्या घावापेक्षा डॉक्टर बरा.”

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर नाझनीन मुजावर म्हणून बाई होत्या. पस्तिशीच्या, चष्मा, आवाज शांत. त्यांनी जखम धुतली आणि मग जखम सोडून बाकीचंच बघत बसल्या. लोखंडाचा एक चिमट्यासारखा तुकडा टेबलावर आपटला, तो गुणगुणायला लागला. त्याचं बूड आबाच्या घोट्याला टेकवलं.

“कळतंय काही?”

“कशाचं?”

त्यांनी तोच माझ्या घोट्याला लावला. हाडातून भुंगा गेल्यासारखं झालं, मी पाय ओढून घेतला. आबा चकित होऊन माझ्याकडं बघत होता. मग बाईंनी आबाला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटल्याबरोबर तो झाडासारखा कलला. मी आणि बाईंनी दोन्हीकडून धरला.

“आबा, तुमचे पाय कुठं आहेत ते तुम्हाला डोळ्यांनी बघून कळतंय,” बाई म्हणाल्या. “रक्त तपासू.”

दुपारी कागद आला. बाईंनी तो वाचला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “बी-ट्वेल्व तळाला गेलंय. यामुळंच शिरा खराब होतायत. सुया घ्यायच्या, आजपासून.”

“सुई नको, बाई,” आबा म्हणाला.

“भीती वाटते?”

“भीती कशाची? पण हे माझं भोगणं हाय. मी जीव मारलाय. गाभण.”

मी सगळं सांगितलं त्यांना, शेळीचं. त्या ऐकून घेत होत्या आणि हातातल्या पेननं कागदावर टकटक करत होत्या. एवढ्यासाठी ती बाई मला आवडली, की तिनं आम्हाला शहाणपण शिकवलं नाही. तिनं फक्त विचारलं, “आबा, दूध, मटण, अंडं, यातलं काही शेवटचं कधी खाल्लं?”

“चौदा महिनं झालं.”

“एकदाही नाही? चुकून?”

“न्हाय.”

“मग माझा हिशेब जमत नाही.” त्यांनी पेन ठेवला. “जन्मभर मांसाहार केलेल्या माणसाच्या शरीरात हे जीवनसत्त्व तीन-चार वर्षं पुरेल एवढं साठलेलं असतं. आज सोडलं म्हणून उद्या संपत नाही. चौदा महिन्यांत एवढं खाली जायला नको. शिरा इतक्या खराब व्हायला तर नकोच. काहीतरी तुम्ही मला सांगत नाही आहात. आणि मला कळलं नाही तर सुई किती दिवस द्यायची, दोन महिने की जन्मभर, हे मला ठरवता यायचं नाही. चूक झाली तर वर्षभरात तुम्ही अंथरुणाला खिळाल.”

आबानं ठामपणे मान हलवली. त्याच्याजवळ सांगायचं काही नव्हतंच.

माझ्याजवळ होतं.

मी आयुष्यात कुणाला घाबरले नाही. नवऱ्याला नाही, गल्लीला नाही. पण बापाच्या समोर बसून ते वाक्य बोलायला घाबरले. त्याच्याकडं एक गोष्ट उरली होती, ते व्रत. आणि ते शिल्लकच नव्हतं, हे मीच त्याला सांगणार होते.

“बाई,” मी म्हटलं, “जूनपासून मी यांना कलेजी चारतेय. रोज. माडग्यातून. यांना ठाऊक न्हाय.”

मी आबाकडं बघितलं नाही. भिंतीवर जठराचं आणि आतड्यांचं चित्र होतं, ते बघत राहिले.

“ठाऊक हाय,” आबा म्हणाला.

मी मान वळवली. तो खाली बघत होता, अपराध त्याचाच असल्यासारखा.

“पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय. चाळीस वरसं कलेजी तोलली मी, वैजे. लसूण घालून झाकतीस व्हय?”

“मग... मग खाल्लीस कशाला?”

बाईंनी त्याला बोलू दिलं नाही, त्या एकदम पुढं सरकून बसल्या होत्या.

“थांबा. तीन महिने रोज कलेजी? नक्की?”

“पाव किलो उकडून,” मी म्हटलं. “वाटून.”

“आणि तरी आकडा तळाला. मग खाण्याचा प्रश्नच नाही.” त्यांनी त्या भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवलं. “इथं जठरात एक रस तयार होतो. तो या जीवनसत्त्वाचं बोट धरून त्याला आत घेऊन जातो. आबांच्या पोटात तो रस व्हायचा थांबलाय. कलेजी खाल्ली काय, मटण खाल्लं काय, दूध प्यायलं काय, सगळं आलं तसं बाहेर. खाणं सोडल्यानं हे झालेलं नाही. हे त्याच्या कितीतरी आधीपासून चाललंय. बाकी कागद बघा यांचा. लोह ठीक, कॅल्शियम ठीक. झाडपाल्यावर हा माणूस तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला जगलाय.”

चौदा महिने मी ज्या गोष्टीला शिव्या घातल्या ती निर्दोष निघाली. मला त्या दाढीवाल्या पोराची आठवण झाली आणि कान तापले.

“पहिल्यांदा कुठं जाणवलं, आबा? पायांना?” बाईंनी विचारलं.

“न्हाय. बोटास्नी. बधीर वाटायची.”

“कधी?”

“दिवाळीला. नव्या सदऱ्याची बटनं लागंनात. म्हटलं, काजंच बारीक शिवली असतील.”

“गेल्या दिवाळीला?”

“त्याच्या आदल्या.”

मी मनात मोजलं. त्याच्या आदली दिवाळी. मग हिवाळा, उन्हाळा, आणि मग आखाड.

“आबा,” मी म्हटलं, “म्हणजे त्या शेळीच्या आधी.”

आबानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं उलटी केली, सुलटी केली. मग उजव्या हाताची चार बोटं टेबलाच्या कडेवरून हळूहळू फिरवली. बराच वेळ फिरवत राहिला. बाहेर पेशंट थांबले होते, पण बाईंनी घाई केली नाही.

“बाई, एक इचारू?”

“विचारा की.”

“बोटास्नी कळत नसलं, तर ते माणसाला कळतंय का?”

बाईंनी चष्मा काढला. “नाही, आबा. एकदम जात नाही ते. इतकं हळूहळू जातं की माणसाला वाटतं, बोट सांगतंय. ते काहीच सांगत नसतं.”

“मग मी कळून कापली न्हाय?”

मला आधी समजलंच नाही तो काय म्हणतोय. मग समजलं.

“माझी बोटं कधी चुकली न्हाईत,” आबा बाईंना सांगत होता, माझ्याकडं न बघता. “म्हंजे त्यांनी सांगितलंच असणार. दारात गिऱ्हाईक हुतं, आखाडाचा रविवार हुता, मीच ऐकलं नसणार. लालूच आली असणार मला. चौदा महिनं मी तो दिवस डोळ्यांम्होरं आणतोय. बोटाखाली काय लागलं हुतं का, लागलं हुतं का. काय आठवंना. मग म्हटलं, आठवत न्हाय म्हंजे लागलं असणारच.”

“काही लागलं नव्हतं, आबा,” बाई म्हणाल्या. “लागणं शक्यच नव्हतं.”

आबानं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. मी त्याला रडताना दोनदाच पाहिलंय. आई गेली तेव्हा, आणि त्या दिवशी.

जरा वेळानं त्यानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि दंडावरची बाही वर सरकवली. मग एकदम थांबला.

“हे औषध कशाचं करत्यात? कलेजीचं न्हाय ना?”

“नाही. जंतूंपासून होतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू. मोठ्या टाक्यांत वाढवतात त्यांना.”

“जंतू म्हंजे जीवच की.”

“हो.”

“मग मारत्यात त्यास्नी?”

बाईंनी चष्मा परत लावला. “हो, आबा. औषध काढून घेताना मरतात ते.”

आबानं मान डोलावली. “खरं बोलला. न्हाय म्हणला असता तर घेतली नसती. द्या.”

नंतरचं थोडक्यात सांगते. सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, मग जन्मभर. सुई टोचायला मी शिकले. गल्लीत चेष्टा झाली, खाटकीण बापाला सुई मारते म्हणून. जीभ आणि थकवा महिन्यात सुधारला, बोटं वर्षभरात बरीच परत आली, बटणं लागायला लागली. पाय पूर्ण परत आले नाहीत, उशीर झाला होता. काठी घेऊन चालायचा. पण चालायचा, स्वतःचा स्वतः, शेवटपर्यंत. त्यानंतर नऊ वर्षं जगला. मी मंडळाच्या माणसाकडून ओजसचा नंबर घेऊन त्याला फोन केला होता. तू बरोबर बोलला होतास, अर्धंच का होईना, एवढं म्हणाले. माफी मागायला मला जमत नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं. सुई घेऊन आम्ही मिरजेच्या स्टँडवर आलो. विट्याच्या गाडीला अवकाश होता. कँटीनमध्ये बाकड्यावर बसलो. पायाला बांधलेली पट्टी, दंडावर कापसाचा बोळा, तरी आबाचा चेहरा धुतल्यासारखा मोकळा दिसत होता. मला वाटलं, संपलं आता सगळं. वनवास संपला. पोऱ्याला हाक मारून मी म्हटलं, “दोन चहा. दुधाचे. मलई असंल तर टाक वरून.”

“एक कोरा,” आबा म्हणाला.

“आता कशाला? ऐकलं न्हाईस व्हय बाई काय म्हणाली? तुझ्या हातनं पाप झालंच न्हाय. दुखण्यानं झालं.”

“ऐकलं की.”

“मग?”

आबानं बशी पुढं ओढली, बोटानं तिची कड चाचपली. “पाप न्हवतं, वैजे. पर ती दोन हुतीच की.”

मी चहावाल्याकडं बघत राहिले. आजही मी दुकान चालवते, आजही सुरा धरते, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण भाकड शेळी दारात आली की ते वाक्य आठवतं.

“तू काप,” तो म्हणाला. “तू खा. मी तुला कधी म्हटलं का सोड म्हणून? मला जात न्हाय घशाखाली, एवढंच.”

“आणि तीन महिनं कलेजी गेली ती? ती कशी गेली घशाखाली?” माझा आवाज चढला. बाजूच्या बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. “पहिल्या दिवसापासनं कळत हुतं तर वाटी सारायची हुतीस बाजूला! फेकायची हुतीस माझ्या तोंडावर! गप गुमान प्यायलास कशाला रोज?”

आबा कोऱ्या चहावर फुंकर घालत होता. एक घोट घेतला. मग म्हणाला,

“तू शिव्या देत न्हवतीस.”

“काय?”

“तुझी आई गेल्यापासनं घरात जेवताना कोण माझ्यासमोर बसलंय? वाटी द्यायचीस आन पिऊन हुईस्तोवर बसून राहायचीस. गुपचूप. माझ्या तोंडाकडं बघत. म्हटलं, येवढी लेक समोर बसतीय, तर देवाला काय सांगायचं ते मी सांगीन मागनं.”

मी बापाला भर स्टँडवर अशी एक शिवी हासडली की कँटीनवाल्याच्या हातातली किटली थांबली. आबानं बशी खाली ठेवली आणि खांद्यावर हात टाकून मला जवळ ओढलं.

“आत्ता कसं, माझी लेक बोलली,” तो म्हणाला. “चल, गाडी लागली.”